झटक्याआधीची दहा वर्षे

१९९३ सालची दिवाळी. पाडव्याच्या पहाटे पाचच्या सुमारास कुणीतरी आमचे दार जोरजोराने वाजवू लागले. खाली उतरून पाहतो, तो दवाखान्यासमोर जीप उभी आणि मागच्या बाकावर बाजारपेठेतल्या हळदीच्या आडतीवरचे दिवाणजी आडवे पडलेले. वय अवघे सत्तेचाळीस. अंग घामाने थबथबलेले, चेहरा राखेसारखा. त्यांच्या पत्नी सांगू लागल्या, "रात्री छातीत जड वाटतंय म्हणाले. फराळाचं जास्त झालं, पित्त झालं असेल, असं म्हणून दोनदा सोडा घेतला, ओवा खाल्ला. आत्ता उठवायला गेले तर धड बोलेनात." जिल्ह्याचे रुग्णालय चाळीस किलोमीटरवर. मीही त्याच जीपमध्ये बसलो. निम्म्या वाटेवरच दिवाणजींनी प्राण सोडला.

तेरावे उरकल्यावर त्यांच्या पत्नी चक्कर येते म्हणून दवाखान्यात आल्या. कंपाउंडरने त्या घरातले सगळे जुने केसपेपर काढून टेबलावर ठेवले. त्यांत दिवाणजींचेही होते. मी ते चाळले. दहा वर्षांत हा गृहस्थ माझ्याकडे सतरा वेळा आला होता. सर्दी-खोकला, पायात घुसलेला खिळा, धनुर्वाताचे इंजेक्शन, जुलाब, कंबरदुखी. आईला आणि मुलांना दाखवायला आले ते वेगळेच. या सतरांपैकी एकाही कागदावर त्यांचा रक्तदाब लिहिलेला नव्हता, कारण मी तो कधी मोजलाच नव्हता. त्यांचे वडील बावन्नाव्या वर्षी असेच अचानक गेले, हे मला ठाऊक होते. तंबाखूचा बार भरल्याशिवाय त्यांचा तास जात नसे, हे मी रोज बघत होतो. तरीही विचारले नाही, मोजले नाही. दिवाणजी "छाती दुखते" असे म्हणून आले नाहीत, म्हणून मी छातीचा विचार केला नाही.

जीपमध्ये त्यांच्यासाठी मला फारसे काही करता येण्यासारखे नव्हते. करता आले असते ते त्याआधीच्या दहा वर्षांत, माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर. आजचा लेख त्या दहा वर्षांविषयी आहे.

आत काय घडते?

हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवते. त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मात्र पेन्सिलीच्या शिशाहून थोड्याच जाड असतात. या वाहिन्यांच्या आतल्या अस्तरात चरबीचे थर साचू लागतात. ही क्रिया तरुणपणीच सुरू होते आणि वर्षानुवर्षे मुकाट्याने चालते. वाढलेला रक्तदाब ते अस्तर ताणून इजा करतो, तंबाखू आणि रक्तातली साखर ते आणखी बिघडवतात, कोलेस्टेरॉल त्यात मुरत जाते. मग एखाद्या दिवशी त्या थराला चीर पडते, तिच्यावर रक्ताची गुठळी जमते आणि वाहिनी बंद होते. हाच झटका. गुठळी जमायला काही मिनिटे लागतात. थर साचायला वीस-तीस वर्षे लागलेली असतात.

हृदयविकार म्हटला की लोकांना अँजिओप्लास्टी आणि बायपास आठवते. या सोयी आता लहान शहरांपर्यंत आल्या, हे चांगलेच झाले. पण त्या शेवटच्या काही मिनिटांशी झुंजतात. मागची वीस-तीस वर्षे ज्याच्या हातात असतात, तो तुमच्या गल्लीतला साधा डॉक्टर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र.

जोखीम कोणाला अधिक?

हृदयविकार हा नशिबाचा भाग नसून त्याला मोजता येण्याजोगी कारणे आहेत, हे पहिल्यांदा नीट दाखवले ते अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावाने. १९४८ साली तिथल्या ५२०९ स्त्री-पुरुषांची तपासणी सुरू झाली आणि पुढे अनेक वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा झटक्याशी असलेला संबंध त्यातून स्पष्ट झाला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' या ५२ देशांतल्या अभ्यासाने तेच जगभर पडताळून पाहिले. त्याच अभ्यासातली आपल्याला चटका लावणारी बाब अशी की, भारत आणि शेजारच्या देशांतल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आला. इतर देशांत हे वय सुमारे ५९ होते. म्हणजे आपल्याकडे सहा वर्षे आधी, मुलांची शिक्षणे आणि लग्ने व्हायची असतानाच.

पुढीलपैकी काही लागू पडत असेल तर आपण अधिक जोखमीच्या गटात आहात, असे समजून चालावे :

- पूर्वी झटका किंवा लकवा येऊन गेला आहे. (ही सर्वांत मोठी जोखीम.)
- मधुमेह आहे, विशेषतः चाळिशीनंतर.
- रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आहे.
- विडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री यांपैकी कशाचीही सवय आहे.
- वडील किंवा भाऊ यांना ५५ वर्षांच्या आत, अथवा आई किंवा बहीण यांना ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला आहे.
- मूत्रपिंडाचा जुना आजार आहे.
- कमरेचा घेर पुरुषात ९० आणि स्त्रीत ८० सेंटिमीटरहून जास्त आहे.

"मी विडी ओढत नाही, नुसती चुना-तंबाखू मळतो," असे पुष्कळ जण अभिमानाने सांगतात. पण इंटरहार्टमध्ये नुसती तंबाखू चघळणाऱ्यांतही झटक्याची जोखीम सुमारे दुप्पट आढळली.

एकच आकडा, दोन माणसे

समजा, एका सकाळी माझ्याकडे दोघे आले. दोघांचाही वरचा रक्तदाब १४६. एक अडतीस वर्षांचा शिक्षक; तंबाखू नाही, साखर ठीक. दुसरा अठ्ठावन्न वर्षांचा किराणा दुकानदार. मधुमेह आहे आणि दिवसाला विड्यांचे एक बंडल संपते. यंत्रावरचा आकडा एकच, पण माणसे वेगळी. शिक्षकाला मी मीठ कमी करायला आणि चालायला सांगेन, पुन्हा एक-दोनदा मोजून मग गोळीचे ठरवेन. दुकानदाराच्या बाबतीत थांबणे परवडणारे नाही. त्याची जोखीम त्या शिक्षकाच्या कित्येक पट असते.

जोखमीची कारणे अशी एकमेकांच्या खांद्यावर चढतात. म्हणून एकेक आकडा सुटा न पाहता सगळ्यांची मिळून बेरीज बघावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी तक्ते केले आहेत. त्यांची सुधारित आवृत्ती २०१९ साली आली. वय, स्त्री की पुरुष, धूम्रपान, वरचा रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल एवढी माहिती घेतली की पुढच्या दहा वर्षांतली जोखीम हिरव्यापासून गडद लालपर्यंतच्या रंगात दिसते. कोलेस्टेरॉलची तपासणी झालेली नसेल तर वजन आणि उंचीवरून अंदाज देणारा तक्ताही आहे. यासाठी मोठे यंत्र लागत नाही. वजनकाटा, टेप, रक्तदाबाचे यंत्र आणि पाच मिनिटे पुरतात.

आपल्या डॉक्टरांना एकदा सरळ विचारा, "माझी पुढच्या दहा वर्षांची जोखीम किती?" हा प्रश्न विचारण्यात संकोच कसला?

उधारीची वही

दिवाणजींच्या पत्नी दवाखान्यात आल्या, तेव्हा सोबत त्यांचे धाकटे दीर होते. एस.टी.त कंडक्टर, वय एक्केचाळीस. मी म्हटले, "तुम्हीही जरा बाही वर करा."

"मला काय झालंय? वहिनींना बघा."

बरेच आढेवेढे घेतल्यावर हात पुढे केला. रक्तदाब १६८/१०४. थोड्या वेळाने पुन्हा मोजला, आठवड्याने पुन्हा मोजला. थोड्याफार फरकाने तेवढाच. या गृहस्थांना साधी डोकेदुखीही नव्हती.

तेव्हा मला दिवाणजींचीच एक गोष्ट उपयोगी पडली. आडतीवर ते उधारीची वही ठेवीत. कोणाकडे बाकी किती, वायदा कधीचा, हे त्यांत असे आणि वायदा चुकला की दुसऱ्या दिवशी दुकानचा माणूस दारात हजर. मीही तशी एक वही घातली. तिशीच्या पुढचा जो कोणी दवाखान्याची पायरी चढेल, मग तो खोकल्यासाठी आलेला असो की नुसता पेशंटबरोबर आलेला, त्याचा रक्तदाब मोजायचा. तंबाखूचे विचारायचे, घरच्या आजारांचे विचारायचे. जोखीम जास्त दिसली की नाव वहीत आणि समोर पुढची तारीख. तारीख चुकली की कंपाउंडर बाजाराच्या दिवशी गावच्या माणसाबरोबर निरोप धाडी : "डॉक्टरांनी बोलावलंय."

सुरुवातीला लोक हसले. "डॉक्टर पेशंट गोळा करायला लागले," असेही कुणी म्हणाले. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. जो दर महिन्याला नेमाने येतो, त्याची फारशी काळजी नसते. खरी काळजी न येणाऱ्याची. आणि कोण आलेले नाही, हे वहीशिवाय कळत नाही.

वैद्यकशास्त्रात 'निम्म्यांचा नियम' म्हणून एक जुना ठोकताळा आहे. ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे त्यांच्यातल्या निम्म्यांनाच ते ठाऊक असते, त्यांतले निम्मेच औषध घेतात आणि त्यांच्यातही निम्म्यांचाच रक्तदाब ताब्यात असतो. म्हणजे शंभरातले बारा-तेरा! बाकीचे सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी कुठे आहेत? आपल्याच गल्लीत, आपल्याच घरात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९ ते २०२१ या काळात देशातल्या पंधरा वर्षांवरील २४ टक्के पुरुषांत आणि २१ टक्के स्त्रियांत रक्तदाब वाढलेला किंवा त्यासाठी औषध चालू असलेले आढळले.

वेल्समधले एक खाणगाव

वहीची कल्पना मला फार नवी वाटली होती. पुढे वाचनात आले की एका डॉक्टरने हे काम माझ्या कितीतरी आधी आणि कितीतरी नेटाने केले होते. त्यांचे नाव ज्युलियन ट्यूडर हार्ट. ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात ग्लिनकॉरग नावाचे कोळसा खाणकामगारांचे गाव आहे, वस्ती सुमारे दोन हजार. हा माणूस १९६१ साली तिथे गेला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. त्यांनी गावातल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाचा रक्तदाब मोजला. जे आपण होऊन आले नाहीत, त्यांनाही गाठले. मग नोंदी ठेवल्या आणि पाठपुरावा केला.

पंचवीस वर्षांच्या कामाचा हिशेब त्यांनी १९९१ साली मांडला. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचा सरासरी रक्तदाब उपचारांआधी १८६/११० होता, तो १४६/८४ वर आला होता. त्यांच्यातले धूम्रपान करणारे ५६ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले होते. आणि पासष्टीच्या आत होणारे मृत्यू शेजारच्या तशाच खाणगावापेक्षा कमी झाले होते. तिथे हृदयाचे मोठे रुग्णालय नव्हते. एक दवाखाना होता, नोंदी होत्या आणि चिकाटी होती. याच डॉक्टरांनी १९७१ साली एक कडू सत्य मांडले होते : चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज जिथे सर्वांत जास्त, तिथेच ती सर्वांत कमी मिळते. २०१८ साली ते वारले. आपल्या वाड्यावस्त्यांकडे पाहिले की त्यांचे म्हणणे अजून पटते.

गोळी किती दिवस?

मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. एक आजी दोन महिने आल्या नाहीत. निरोप धाडल्यावर आल्या, तो रक्तदाब पुन्हा १८० वर.

"गोळी बंद केली का आजी?"

"तुमीच म्हनला न्हवं, प्रेशर नार्मल आलं म्हनून? मग गोळी कशापायी खायाची? सवय लागंल की!"

मी म्हटले, "आजी, रानाला कुंपण घातलं. गुरं शिरायची थांबली. म्हणून कुंपण काढता का?"

आजी हसल्या. गोळी पुन्हा सुरू झाली.

रक्तदाबाची गोळी सवय लावत नाही. रक्तदाब ताब्यात असतो तो गोळीमुळेच. आणि फायदाही थोडाथोडका नाही. वरचा आकडा १० ने खाली आला तर झटका, लकवा आणि तत्सम मोठी संकटे साधारण एक पंचमांशाने कमी होतात, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. अम्लोडिपिनसारख्या साध्या गोळीला दिवसाला एका चहाइतकाही खर्च येत नाही.

दुसरे औषध स्टॅटिन. हे कोलेस्टेरॉल कमी करते. "माझे कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे, मग ही गोळी का?" असे मधुमेही विचारतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या वीस हजारांहून अधिक लोकांवरील 'हार्ट प्रोटेक्शन स्टडी'ने याचे उत्तर दिले. जोखीम जास्त असेल तर कोलेस्टेरॉल फार वाढलेले नसतानाही स्टॅटिनचा फायदा होतो. म्हणून चाळिशीपुढच्या बहुतेक मधुमेहींना डॉक्टर ते सुचवतात.

तिसरे ॲस्पिरिन, म्हणजे 'रक्त पातळ करणारी गोळी'. इथे सावधान! ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसवला आहे त्यांनी ती आपल्या मनाने कधीही बंद करू नये. पण ज्यांना काहीच झालेले नाही त्यांनी शेजाऱ्याचे बघून ती सुरूही करू नये. २०१८ साली तीन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. अशा लोकांत फायदा अगदीच थोडा किंवा नगण्य आणि रक्तस्रावाचा धोका मात्र वाढलेला, असे त्यांत दिसले.

आपल्या दारातली सोय

आता हे काम एकट्यादुकट्या डॉक्टरच्या वहीवर अवलंबून राहिलेले नाही. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ साली पाच राज्यांतल्या मोजक्या जिल्ह्यांत हाती घेतला गेला. महाराष्ट्रातून भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग आणि आपला सातारा हे चार जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. त्याची रीत सोपी आहे : सर्वांना ठरलेली औषधयोजना, महिन्याच्या गोळ्या एकदम आणि कोण आले नाही त्यांची यादी. पुन्हा तीच उधारीची वही!

उपकेंद्रांची आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांची नावे आता आयुष्मान आरोग्य मंदिर अशी झाली आहेत. तिशीपुढच्या सर्वांचा रक्तदाब आणि साखर तिथे तपासली जाते. आशाताई घरी येऊन वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरातले आजार विचारून गुण मांडतात. गुण चाराच्या वर गेले की तपासणीला आधी बोलावणे येते. आशाताई टेप घेऊन आल्या की लाजून आत पळू नये. पुरुषमंडळींनी तर मुळीच "मी घरी नाही" म्हणून सांगू नये. तपासणी चुकवण्यात पुरुषच पुढे असतात, हा माझा अनुभव आहे.

वाचकांनी काय करावे?

१. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाच मिनिटे शांत बसावे, पाय जमिनीला टेकलेले, हात हृदयाच्या उंचीवर. एकदा जास्त आला म्हणून घाबरू नये आणि एकदा ठीक आला म्हणून विसरूही नये.

२. तंबाखू सोडावी. धूम्रपान थांबवल्यावर त्यामुळे वाढलेली हृदयविकाराची जोखीम वर्षभरात निम्म्यावर येते. इतक्या लवकर फळ देणारे दुसरे औषध माझ्या कपाटात नाही.

३. दिवसाचे मीठ माणशी एक सपाट चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत असावे. यात भाजी-आमटीबरोबर लोणचे, पापड, फरसाण आणि खारे शेंगदाणेही आले. ताटात वरून मीठ वाढायची पद्धत बंद करावी.

४. आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालावे. "शेतात दिवसभर राबतो की," असे म्हणणाऱ्यांनी आपण सध्या खरोखर राबतो, की मोटरसायकलवरून बांधावर चक्कर मारतो, हे प्रामाणिकपणे आठवावे.

५. घरातल्या कर्त्या माणसांच्या तारखा, गोळ्या आणि रक्तदाबाचे आकडे एका वहीत लिहावेत. दवाखान्यात जाताना ती सोबत न्यावी.

६. एवढे करूनही झटका येणारच नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. छातीत जडपणा, जबडा किंवा डाव्या हातात कळ, घाम, धाप, अशी लक्षणे दिसली तर पित्त समजून सोडा पीत बसू नये. ताबडतोब १०८ ला फोन करावा. मधुमेहींमध्ये छाती न दुखताही झटका येऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे.

कंडक्टर असलेले ते धाकटे बंधू आता सत्तरीपार आहेत. तंबाखू सुटायला तीन वर्षे आणि चार प्रयत्न लागले. पुढे मधुमेहही जडला. गोळ्या मात्र चुकल्या नाहीत. वडील बावन्नाव्या वर्षी गेले आणि भाऊ सत्तेचाळिसाव्या. यांना झटका येणार होता का आणि कधी येणार होता, हे मला कधीच कळणार नाही. टळलेला झटका कुठल्याही कागदावर दिसत नाही, त्याचा पेढाही कुणी वाटत नाही.

पाडव्याला व्यापारी नवी वही घालतात. त्या दिवशी मीही जुन्या वहीतली नावे नव्या वहीत उतरवून घेतो. पहिल्या पानावर पहिले नाव या कंडक्टरसाहेबांचे असते. वाचकहो, तुमचे नाव कुठल्या ना कुठल्या दवाखान्याच्या वहीत आहे ना? नसेल, तर या आठवड्यात ते घालून या. छातीत दुखायची वाट पाहू नका.